रेखाच्या वतीने दिलेलं उत्तर

बोलायला शिकवून पोट भरणारी बाई मी. सोलापुरात, सात रस्त्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. दिवसभर तोंड चालू. पण एक गोष्ट या तोंडातून आजवर बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही, आता ती राहिली नाही. मैत्रिणींना सांगायचा प्रश्नच नव्हता, त्यांच्यात माझं नाव चांगलं आहे. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका, मलाच नीट माहीत नाही.

कुठून सुरू करू? क्लासपासूनच करते, ते सोपं आहे.

आमच्या पुस्तकात एक धडा आहे. रेडी टु, विलिंग टु, एबल टु, अनेबल टु — असे शब्द आणि त्यांच्यामागे क्रियापद. माणसाची तयारी असणं वेगळं आणि त्याला जमणं वेगळं, एवढंच त्यात सांगायचं असतं. पूर्वी मी तो हसतखेळत शिकवायची. 'मी पोहायला तयार आहे, पण मला पोहता येत नाही.' पोरं हसायची. मग कुणीतरी विचारायचंच — आणि उलटं, मॅडम? उलटं म्हणजे, जमतं पण करायची तयारी नाही. घरची भांडी घासणं, मी म्हणायची. पुन्हा हशा.

या बॅचला तो धडा मी गाळला. कारण पहिल्या बाकावर रेखा बसते.

रेखा माझी धाकटी बहीण. दहावीला इंग्रजीत नापास झाली, लवकर लग्न झालं, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून अकलूजच्या सासरहून कायमची घरी आली. आमच्या मागच्या गल्लीत शाळेचे युनिफॉर्म शिवणारा कारखाना आहे, तिथं कॉलर शिवायला लागली आणि बघता बघता मजल्यावरच्या सगळ्या बायका तिच्या हाताखाली आल्या. त्याच सुमारास आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. रेखा सकाळी आईचं सगळं उरकून कामावर जायची, जेवणाच्या सुट्टीत पळत येऊन तिची कूस बदलायची, संध्याकाळी पुन्हा तेच. मी काय करायची? मी औषधं आणायची. आईची चादर बदलताना मला मळमळायचं. रेखालाही मळमळत असेल — पण मी कधी विचारलं का? नाही.

मग मस्कतहून विचारणा आली. तिथल्या युनिफॉर्मच्या कारखान्याला बायकांवर देखरेख करणारी बाई हवी होती आणि इथल्या मालकांनी रेखाचं नाव सुचवलं होतं. रेखाने ते मला धावत येऊन सांगितलं. विमानात काय नेता येतं, हे तिने सगळ्यात आधी विचारलं. आईची सोयही तिनेच बघितली. करकंबची मावशी एकटी राहते, ती आनंदाने यायला तयार झाली होती. हे मुद्दाम सांगते. नाहीतर तुम्ही मनातल्या मनात माझ्यासाठी एखादी पळवाट काढाल.

व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती. तिथली मॅनेजर बाई फिलिपिन्सची, तिला हिंदी येत नव्हती, म्हणून मी शेजारी बसायचं ठरलं. रेखाने इस्त्रीची साडी नेसली होती. मी माझीच खुर्ची तिला दिली आणि तिचा मोबाईल पुस्तकांना टेकवून ठेवला.

सगळं सुरळीत चाललं होतं. किती वर्षं काम केलं, कुठली मशीन येते — ती विचारायची, मी मराठीत सांगायची, रेखा उत्तर द्यायची, मी इंग्रजीत सांगायची. मॅनेजर बाई मान डोलवत होती. आणि मला दिसायला लागलं की ही जाणार. माझी दहावी नापास बहीण समुद्रापलीकडे जाणार आणि इंग्रजीत एम.ए. झालेली मी या झेरॉक्सच्या वासात बसणार. मावशी येईल, पण मावशी म्हातारी. आज ना उद्या चादर माझ्याच हातात येणार. हा सगळा विचार मी त्या एका क्षणात केला का? छे. विचार केलाच नाही. नुसती भीती वाटली, आणि भीतीच्या खाली हेवा होता.

बाईने शेवटचं विचारलं — घर सोडून दोन वर्षं राहणं हिला जमेल का? मी ते रेखाला नीट सांगितलं. तिथवर मी प्रामाणिक होते.

"व्हय म्हणून सांग की, अक्का," रेखा म्हणाली. "जमंल मला. मावशी हाय की आईपाशी."

मी मोबाईलकडे बघून म्हणाले, "शी इज विलिंग टु कम. बट शी इज नॉट एबल टु लीव्ह हर मदर."

म्हणजे, यायची तिची तयारी आहे, पण आईला सोडणं तिला शक्य नाही. किती सभ्य वाक्य! आवाजसुद्धा कापला नाही. मॅनेजर बाईचा चेहरा मऊ झाला. रेखाकडे बघून ती हळू आवाजात काहीतरी चांगलं बोलली, छातीवर हात ठेवला. रेखानेही हात जोडले. तिला वाटलं, काम झालं.

कॉल संपल्यावर तिने विचारलं, "मदर म्हणालीस की मधी. आईचं काय?"

घरी कोण असतं ते विचारत होत्या, मी म्हणाले. एका खोट्यावर दुसरं असं पटकन बसलं.

चार दिवसांनी मालकांकडे नकार आला, कारण काही कळवलं नव्हतं. तिच्या जागी कारखान्यातली दुसरी एक बाई मस्कतला गेली. रेखा रोजच्यासारखी कामावर जाऊन आली. संध्याकाळी आईला भरवता भरवता मला म्हणाली, "माझं इंग्रजी कच्चं म्हणून झालं हे. माझ्यापायी तुझी बी मान खाली गेली, अक्का." माझीच समजूत काढत होती. तेव्हा सांगता आलं असतं ना? दुसऱ्या दिवशी मालकांकडे जाऊन तो फोन पुन्हा लावता आला असता. मी "जाऊ दे" म्हणाले आणि आईचं पाण्याचं भांडं भरून आणलं.

आई पुढे दोन उन्हाळे काढून गेली. शेवटपर्यंत तिची चादर रेखानेच बदलली. मला सगळं जमत होतं, नुसती माझी तयारी नव्हती. तो नकार माझा होता, तो मी उचलून बहिणीच्या नावावर घातला.

आता रेखाला इंग्रजी शिकायचंय. पुन्हा कुठून विचारणा आलीच तर या वेळी स्वतः बोलायचं म्हणते. मी फी नको म्हटलं, तर रागावली. पहिल्या बाकावर बसते, आणि ती तोंड उघडते तेव्हा माझे कान टवकारतात. आज तिला 'नॉट एबल'चा अर्थ कळेल, आज तिला त्या कॉलवरचं माझं वाक्य आठवेल — असं रोज.

गेल्या आठवड्यात अक्कलकोटचा एक मुलगा उठला. "मॅडम, मधला एक धडा ऱ्हायलाय की." सगळ्यांनी पुस्तकं उघडली. मग शिकवला. रेडी टु, विलिंग टु, एबल टु. खडू दोनदा मोडला. प्रत्येकाने आपापल्या घरातलं वाक्य करायचं आणि चांगलं वाक्य मी फळ्यावर लिहायचं, अशी आमच्या क्लासची रीत आहे. रेखाला मी वगळणार होते, तर तिनेच हात वर केला.

उभी राहिली. ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. मग माझ्याकडे बघून, हसून, सावकाश म्हणाली, "आय वॉज नॉट एबल टु स्पीक. माय सिस्टर वॉज रेडी टु हेल्प मी."

मला बोलता येत नव्हतं, माझी बहीण मदतीला तयार होती.

वाक्यात चूक नव्हती. मी "करेक्ट" म्हणाले, आणि माझ्या हाताने ते फळ्यावर लिहिलं. सगळा क्लास खाली मान घालून ते उतरवून घेऊ लागला. रेखाही.