बिनतिखट भिवापुरी

माझ्या आईचं माहेर मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरचं, त्यामुळे मिरचीच्या बाबतीत ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही. दरवर्षी उन्हं तापायला लागली की वर्षाची मिरची घरी येते. आई गच्चीवर बसून देठ खुडते आणि मग हात भगभगतात म्हणून ते ताकात बुडवून बसते. हात पेटले तर मिरची अस्सल, ही तिची परीक्षा.

तीन वर्षांपूर्वी सगळी मिरची खुडून झाली आणि आईचे हात जसेच्या तसे. "फसवलं मुडद्यानं!" म्हणत तिने पिशवी उचलली आणि मला स्कूटी काढायला लावली. थेट महाल भागातलं मिरचीवाल्याचं दुकान.

"काहून गा, भिवापुरी म्हणून हे काय देऊन राहिला? हात नाही भगभगले माये!"

दुकानदार बिचारा लेकराबाळांच्या शपथा घ्यायला लागला. मी मुलखाची भांडकुदळ, आईच्या बाजूने मीही सुटले. तावातावाने त्याच पिशवीतल्या मिरच्या मोडमोडून त्याला दाखवल्या आणि घाम आला म्हणून डोळा पुसला. आई गं! डोळ्याला धार लागली, बोटं पेटली. दुकानदारच पाणी घेऊन धावला. शेजारी आई अजून मिरच्या मोडत होती, अगदी शांतपणे. परत येताना मला भीती वाटायला लागली होती.

आईला दहा वर्षांची शुगर. गोळ्या मनाला येईल तेव्हा. सदर भागातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हातांचा विषय बाजूलाच ठेवून म्हणाल्या, "आधी पाय दाखवा." मग त्यांनी समजावलं. मिरची कातडी जाळत नाही. कातडीतले जे बारीक मज्जातंतू चटका ओळखतात, त्यांनाच ती चेतवते आणि मेंदूला वाटतं, भाजलं. वाढलेली साखर ते तंतूच मारते, सगळ्यांत लांबचे आधी, म्हणजे पायांचे. आईच्या उजव्या टाचेत चपलेचा खिळा घुसून जखम आतपर्यंत चिघळली होती. ती त्याच पायाने बाजारहाट करत होती. कधीपासून, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

त्याआधी कितीतरी महिने तिचे तळपाय जळायचे. मी तूप लावून काशाच्या वाटीने घासून द्यायची. एक दिवस जळणं थांबलं. आम्ही म्हटलं, उष्णता उतरली! देवापुढे पेढा ठेवला, तोही तिनेच खाल्ला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आम्ही मिरचीवाल्याकडे गेलो होतो.

पाय राहील की कापावा लागेल, हे डॉक्टरीणबाई दीड महिना सांगत नव्हत्या. ड्रेसिंग करताना आई मलाच धीर द्यायची, "मले काही दुखत नाही वं, तू काहून रडतेस?" दुखत नाही म्हणूनच रडत होते मी. पाय वाचला. गेलेली जाणीव मात्र परत येईलच असं नाही, असं त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी आईचा पाय मांडीवर घेते आणि नीट तपासते. मग ती डोळे मिटते आणि मी करंगळीपासून एकेका बोटाला कापूस लावते. सुरुवातीला काहीच कळायचं नाही. काही महिन्यांनी एकदा म्हणाली, "कळलं." मला असं भरून आलं! बहिणीला फोन, मावशीला फोन. मग हळूहळू दोन बोटं झाली, तीन झाली.

परवा आईने डोळे मिटले, मी कापूस घेतला आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली म्हणून तिकडे वळून पाहिलं.

"कळलं वं," आई म्हणाली. "करंगळी न? चांगलं कळलं मले."

मी अजून पायाला हातसुद्धा लावला नव्हता. तिच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहत राहिले. किती महिने चाललं असेल हे, माझ्यासाठी?

"बरोबर," मी म्हटलं. "करंगळीच."