जेवला का बाप्पा?

अहिंसा शिकवता शिकवता आमच्या थापडगुरुजींनी जितके गाल लाल केले, तितके वणीच्या एखाद्या नामांकित गुंडानेही केले नसतील. शाळेतून निवृत्त झालेला हा काडीसारखा माणूस दर उन्हाळ्यात विहाराच्या सभागृहात तरुण कार्यकर्त्यांचं शिबिर भरवायचा, आणि सकाळच्या चहाआधी पहिली थापड वाजायची.

पुढचं मारण्याचं खातं माझ्याकडे. देह आडवा, आवाज झाडीपट्टीच्या नाटकात शोभेल असा, त्यामुळे शिबिराचा अधिकृत गुंड मी. पोरं ओळीने खाली बसत. मी कॉलर धरायचो, केस ओढायचो, डोक्यावर गार चहा ओतायचो, सात पिढ्यांचा उद्धार करायचो. काय मजा यायची म्हणून सांगू! हात हलका पडला की मात्र गुरुजी चिडत. "लाड कायले करून राह्यला? उद्या रस्त्यावर त्यायचा मामा मारणार हाये का?"

मग ते सांगत, की अमेरिकेतली काळी पोरं गोऱ्यांच्या हॉटेलात जाऊन बसण्याआधी चर्चच्या तळघरात अशीच एकमेकांचा मार खात होती. महाडच्या तळ्याचं पाणी प्यायलेल्या आपल्या माणसांनी डोकी फुटली तरी हात उचलला नव्हता. "ते काय जन्मापासून थंड होते? तालीम लागते बाबू."

तालमीचे नियम दोनच. तळहात बुडाखाली दाबून बसायचं. आणि कितीही लागलं तरी मारणाऱ्याला विचारायचं, "जेवला का बाप्पा?"

प्रतिभाला दोन्ही जमत नव्हते. कोळशाच्या ट्रकने शाळेसमोर तिच्या धाकट्या भावाचा पाय चिरडला होता, तेव्हापासून ही पोट्टी पेटलेलीच. मी थापड मारली की ती उलटी मारायची. माझा पुढचा दात तिच्याच कृपेने गेला. हिला घरी पाठवा, असं मी तोंडाला रुमाल लावून म्हणालो, तर गुरुजी म्हणाले, "थंड पोट्टे मले कायले पाहिजे? त्यायले काय शिकवू?"

पुढे ट्रक गावाबाहेरून न्यावेत म्हणून आम्ही सगळे शाळेसमोरच्या रस्त्यावर बसलो. एकाचा जरी हात उठला असता तरी दंगलीचा गुन्हा लागून सगळं तिथेच संपलं असतं. दुपारी ट्रकवाल्यांची माणसं काठ्या घेऊन उतरली. पहिली काठी गुरुजींच्या कानशिलावर बसली. चष्मा उडाला, सदरा भिजला. गुरुजींनी मान वर करून विचारलं, "जेवला का बाप्पा?"

त्या माणसाने दुसरी काठी आणखी जोरात घातली.

मी प्रतिभाकडे पाहिलं. तिच्या मांडीजवळ चांगला मुठीएवढा दगड होता. ती पुढे सरकली, गुरुजींच्या अंगावर वाकली आणि हात स्वतःखाली घेऊन बसली. मग तिच्या पाठीवर पडायला लागल्या. काठी मोडेपर्यंत पडल्या. प्रत्येक फटक्याला ती ओरडत होती, "जेवला का? जेवला का?" इतक्या रागाने जेवणाची चौकशी केलेली मी आजवर ऐकली नाही.

दवाखान्यात ती गुरुजींवर भडकली. "तुमचा प्रश्न फुकटचा हाये गुरुजी. तो थांबला नाही."

गुरुजींचा तो कान कायमचा गेला होता. दुसरा कान पुढे करून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "तो नाही थांबला. तू थांबली ना? तुयासाठीच होता तो प्रश्न."

ट्रक आता बाहेरून जातात. गुरुजी गेले. शिबिर प्रतिभा चालवते, आणि गुंड अजून मीच, फक्त धाप लागते. यंदा पुसदच्या एका पोराची मी कॉलर धरली, हात उगारला, तर तो अगदी मायेने म्हणाला, "जेवले का काका?"

माझा हात वरच राहिला. खरंच जेवलो नव्हतो. सगळे हसले.

प्रतिभा हसली नाही. "मारा काका," ती म्हणाली. "ते काठीवाले थांबले नव्हते."

मी मारली. पोराने डोळे पुसले, हात बुडाखाली घेतले आणि पुन्हा विचारलं.