सुगंधाकाकूंनी भरलेली ओटी

चंद्रशेखरला मी अजून माफ केलेलं नाही. आमच्या मस्कतच्या मंडळाच्या सहली तो ठरवतो, म्हणून माणसांच्या वतीनेही तोच ठरवतो. दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात त्याने कुरियातच्या बाजूला, एका धरणाखालच्या छोट्या गावात एका रात्रीची सहल काढली. सकाळी जलपूजन, आणि धरणाच्या तळ्याची ओटी भरायचा मान सगळ्यात मोठ्या सवाष्णीला, म्हणजे सुगंधाकाकूंना! हे त्याने व्हॉट्सअॅपवर जाहीर केलं. काकूंना विचारायचं तेवढं राहिलं.

काकू वादी अदाईला माझ्या शेजारी राहतात. त्यांचे यजमान एकनाथकाका रुवीतल्या गॅरेजात फोरमन. इमारतीत कुणी आजारी पडलं की काकू न बोलावता पेजेचं पातेलं घेऊन हजर. पण तोंड फटकळ. दात घासताना नळ सोडून ठेवला म्हणून माझ्या लेकीला, यशश्रीला, त्यांनी असं झापलं होतं की मीच दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

सकाळी आम्ही धरणाच्या भिंतीवर गेलो. भोवती उघडेबोडके डोंगर आणि मधे निळंशार पाणी. सगळे फोटो काढण्यात दंग. चंद्रशेखरने बॅनर बांधला आणि काकूंपुढे ताट धरलं. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. काकूंनी हात मागे घेतले.

"मी नाही भरणार."

"अहो काकू, तुमचा मान आहे."

"तुझा मान तुझ्यापाशी ठेव. आमच्या गावावर असंच पाणी चढलं, तेव्हा मी परकरात होते. परड्यातल्या फणसाचा शेंडा कितीतरी दिवस वर दिसायचा. आम्हाला नेऊन टाकलं माळावर. पाणी कालव्यानं पुढं गेलं, आमच्या दारात अजून टँकर येतो. माझं माहेर गिळणाऱ्या पाण्याची ओटी मी भरू?"

एकनाथकाका मान खाली घालून उभे. चंद्रशेखर मात्र हसला.

"काकू, ते तिकडचं झालं. हे ओमानचं पाणी. फोटोपुरतं तरी..."

फोटोपुरतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माहेर बुडालेल्या बाईला हा माणूस फोटोपुरतं वाकायला सांगत होता, आणि आमचे शिकलेसवरलेले लोक मोबाईल सरसावून उभे होते. मी त्याला बोलणार, तोच काकूंनी त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि त्या तरातरा गावाच्या वाटेने उतरू लागल्या. मी मागोमाग धावले.

खाली खजुरीच्या बागा होत्या. बागांमधून सिमेंटचा अरुंद पाट झुळझुळ वाहत होता. एक म्हातारे ओमानी गृहस्थ पाटातला पाला काढत होते. अहमद त्यांचं नाव. बऱ्यापैकी हिंदी बोलत होते.

काकूंनी विचारलं, "चाचा, ये पानी किधर से आता?"

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "डॅम से. बाग में जाता, घर में जाता."

"सबके घर में?"

"अल्हम्दुलिल्ला, सबके."

काकू पाटाच्या कडेला बसल्या, हात पाण्यात घातला आणि हुंदके देऊन रडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वाईट वाटलं आणि संतापही आला. पाणी असं दारात नेता येतं, तर काकूंच्या माहेरच्या दारात का नाही नेलं कुणी?

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "घर में औरत है?"

अहमदचाचांनी बायकोला हाक मारली. त्या दारात आल्या. काकूंनी हळदकुंकू तेवढं बाजूला ठेवलं, आणि तांदूळ, नारळ, खण त्यांच्यापुढे धरला. त्या बाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी ओढणीचं टोक पसरलं. मग आम्हाला बसवून काहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी दिली, खजूर दिला.

तेवढ्यात चंद्रशेखर धापा टाकत आला. "काकू, सगळे थांबलेत! तळ्याची ओटी राहिली ना!"

"खलास," काकू रिकामं ताट त्याच्या हातात देत म्हणाल्या. "धरणाचं पाणी जिच्या दारात आलं, तिची भरली. माझ्या माहेरच्या नळाला पाणी येऊ दे, मग तुझ्या धरणाची भरते."