‘गुड’ या शब्दाला थूल मॅडमची हरकत

थूल मॅडम चांगल्या होत्या, हे विधान खरे आहे. परंतु ते पुरेसे आहे काय, आणि नसेल तर त्यांच्यासाठी नेमका शब्द कोणता? या लेखापुरता माझा प्रश्न एवढाच आहे. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. “सर, ताई गेली,” एवढेच तो बोलला. पुढे समुद्रपूरला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्याने मला बोलायला उभे केले. माझ्या खिशात तयार कागद होता. त्यावरचे पहिलेच वाक्य, ‘थूल मॅडम अतिशय चांगल्या शिक्षिका होत्या,’ असे होते. मी ते मनात वाचले आणि पुढे वाचवेना... मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटले, मला गहिवरून आले. ते अर्धेच खरे होते. हे वाक्य मॅडमनी मला कधीच पास करून दिले नसते, हे मला त्या क्षणी कळले होते.

आम्ही समुद्रपूरच्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होतो. त्या इंग्रजी, मी भौतिकशास्त्र. आमच्याकडची मुले अकरावीला येत ती ‘गुड’ हा एकच शब्द गाठीशी बांधून. वडील गुड, गाव गुड, गाय गुड, शिक्षकही गुड. मॅडम त्या शब्दाभोवती गोल काढत आणि समासात मराठीतच विचारत, ‘काय केले?’ मुलाने आधी त्या माणसाचे एखादे काम लिहून आणायचे आणि मगच त्या कामाला बसेल असा शब्द निवडायचा, ही त्यांची रीत होती. त्यासाठी वर्गाच्या भिंतीवर त्यांनी एक तक्ता लावला होता. त्यात शब्दाचा अर्थ दिलेला नसे. फक्त माणूस दिलेला असे. काइंड म्हणजे आजारी शेजारणीच्या गुरांना न सांगता पाणी पाजून आलेली बाई. पोलाइट म्हणजे काम होणार नाही हे सांगतानाही समोरच्याला आधी बसायला सांगणारा कारकून. ओबिडियंट म्हणजे न पटताही ऐकणारा मुलगा. जेंटल म्हणजे ताप आलेल्या बहिणीची वेणी केस न ओढता घालणारी थोरली. हे सारे ‘गुड’च्या घरातले, पण एकाचे काम दुसऱ्याला जमेल असे नाही, हे त्या मुलांच्या मनावर ठसवत. पोलाइट कारकून काइंड असेलच असे नाही, हे तर एसटीच्या पाससाठी खेटे घातलेल्या मुलांना लगेच पटे.

या पद्धतीचा जाच आम्हालाही होता. त्यांच्याकडे तपासायला गेलेल्या वह्या मुलांना कधी वेळेवर परत मिळत नसत. स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडला की मराठीचे सर हमखास बजावत, “मॅडमले पोहे चांगले झाले म्हणू नका जी, कसे चांगले ते लिहून मागतीन.” मॅडमही हसत, आणि खरोखरच विचारत, की मीठ बरोबर आहे म्हणता, की गरम आहेत म्हणता?

आता जो प्रसंग सांगायचा आहे, त्यात चूक माझी आहे. प्रयोगशाळेत आमची स्टॉपवॉच बहुतेक बंद असत. त्यामुळे बारावीच्या प्रात्यक्षिकाआधी मी लोलकाची रीडिंग फळ्यावर लिहून देत असे आणि मुले ती जर्नलमध्ये उतरवत. बरेच जण तसे करतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रतीक्षा नावाच्या मुलीला सहज विचारले, ही रीडिंग तूच घेतलीस ना? ती उभी राहिली. “नाई सर. फळ्यावरून उतरवली. आमच्या टेबलावरचं घड्याळ बंदच होतं.” तिच्या आवाजात ना तक्रार होती, ना धिटाईचा आव. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले... मी खिडकीबाहेर पाहिले. तिला त्यांनी स्वतःच्या मनगटी घड्याळावर प्रयोग पुन्हा करायला लावला. तो वेळेत पुरा झाला नाही आणि तिचेच गुण कमी झाले.

निकालानंतर तिला नर्सिंगला जायचे होते. प्रवेशासाठी वर्गशिक्षकाचे शिफारसपत्र हवे होते, आणि वर्गशिक्षक मीच होतो. ‘वर्तणूक’ या शीर्षकापुढे मी ‘सॅटिस्फॅक्टरी’ असे लिहिले. ज्यांनी अशी पत्रे वाचली आहेत, त्यांना या शब्दाचे वजन ठाऊक आहे. तो शिवी देत नाही. फक्त दार अर्धे लावून घेतो. इंग्रजी पत्रे सहीला जाण्याआधी भाषा तपासायला मॅडमकडे जात. त्यांनी ते वाचले, टेबलावर पालथे ठेवले आणि इतर शिक्षक तासाला जाईपर्यंत वह्या तपासत राहिल्या. स्टाफरूम रिकामी झाल्यावर त्यांनी विचारले, पोरीने काय केले? मी प्रात्यक्षिकाची हकीकत सांगितली. वर्गात मॅडम पुस्तकी मराठी बोलत, त्या दिवशी मात्र घरच्या बोलीत म्हणाल्या, “सर, हा तिच्या वागणुकीचा शब्द नाई. हा तुमच्या रागाचा शब्द आहे. तो तिच्या कागदावर काऊन लिहून राह्यले तुम्ही?”

मी म्हटले, मग योग्य शब्द तुम्हीच लिहा. त्यांनी मान हलवली. “काम तुम्ही पाहिलं. शब्द तुम्हीच शोधा.”

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षाचे वडील पत्र न्यायला आले आणि मी त्यांना पुन्हा यायला सांगितले. पन्नाशीच्या त्या गृहस्थांनी “बरं जी” म्हणून पाठ फिरवली, ते आजही सलते. दुपारी मी मॅडमच्या रिकाम्या वर्गात जाऊन त्या तक्त्यासमोर उभा राहिलो. ओबिडियंट? नव्हती, असती तर गप्प बसली असती. पोलाइट? होती, पण तेवढ्याने भागत नव्हते. उरला शब्द ऑनेस्ट. अडचण अशी होती, की मॅडमच्या रीतीने शब्दाबरोबर काम लिहावे लागणार, आणि ते लिहिले की माझा फळाही कागदावर येणार. शेवटी लिहिले: शिक्षकाने आयती दिलेली रीडिंग आपली नाहीत, हे तिने स्वतःचे नुकसान पत्करून परीक्षकांना सांगितले, ती ऑनेस्ट आहे. खाली माझी सही. मुख्याध्यापकांनी पत्र दोनदा वाचले. “गुरुजी, ही पोरीची शिफारस आहे का तुमच्यावरची तक्रार?” असे म्हणत त्यांनी शिक्का मारला. प्रतीक्षाला प्रवेश मिळाला. तो या पत्रामुळेच मिळाला असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पुढच्या सत्रात मात्र मी घड्याळे दुरुस्त करून आणली आणि फळा कोरा ठेवला.

मॅडमनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. पुढची सगळी वर्षे आम्ही एकाच टेबलावर डबे उघडले. त्यांनी ना कधी टोमणा मारला, ना कधी शाबासकी दिली.

तर मूळ प्रश्नाकडे. काइंड हा शब्द मी बाजूला ठेवला. त्यांच्या गोलांनी अनेक मुलींना रडवले आहे. जेंटल म्हणावे, तर त्या दिवशीचे त्यांचे वाक्य मऊ नव्हते. मुलीवर अन्याय होऊ दिला नाही, आणि मला जाब विचारायचा तर खोली रिकामी होईपर्यंत थांबल्या. दोन्ही बाजूंना जे ज्याचे, ते त्याला दिले. यासाठी इंग्रजीत ‘फेअर’ हा शब्द आहे. आपल्याकडे न्यायी म्हणतात. मी तो निवडला आहे. पण एका माणसाने पाहिलेले एक काम हा पुरेसा पुरावा होत नाही, आणि मी तर त्या प्रकरणातला दोषी होतो. समुद्रपूरला ज्यांनी त्यांच्या हाताखाली इंग्रजी गिरवले, त्यांनी मॅडमचे एखादे काम आठवावे, हा शब्द त्याला लावून पाहावा, आणि बसत नसेल तर माझे उत्तर खोडावे.