प्रागमधली सुंठ

"अगं, डोकं ठणकतंय, सुंठ उगाळ ना!" ऐरोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आज नवऱ्याने आतून फर्मान सोडलं. सहाणेवरून तो तिखट वास उठला आणि मला प्रागमधली हॉटेलची खोली आठवली.

तापाने माझं अंग भाजत होतं. मी म्हटलं, "डॉक्टर बोलवा." हे म्हणाले, "टूरवाल्यांना कळलं तर बस आपल्याला सोडून जाईल. घरची सुंठ आहे ना!" कपाळावर लेप थापला. मग मीच म्हणाले, "तुम्ही तरी किल्ला बघून या."

इतकी वर्षं हा माझा मोठेपणा मी कौतुकाने सांगत आले. आज उगाळताना आठवलं, मी ते बोलले तेव्हा यांनी बूट घातलेले होते.

सहाण बाजूला सारली. "बूट घाला. दवाखाना खालीच आहे, एकटे जा."