पहिली टाळी

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतले एक काका कुठल्याही सभेत पहिली टाळी वाजवतात. वक्ता दम घ्यायला थांबला की यांचे हात वर होतात, मग बाकीचे वाजवतात. मला त्याचं हसू यायचं.

मागं एका सभेत नेते म्हणाले, "शहर आपलं, तर जबाबदारीही आपल्या सगळ्यांची. नळाला मोटार लावून पाणी ओढू नका. शेवटच्या घराला थेंब मिळत नाही."

गल्लीतलं शेवटचं घर आमचं. त्याच्या अलीकडचं काकांचं, आणि त्यांच्या नळाला मोटार आहे. तरीही पहिली टाळी त्यांचीच पडली. बहुतेक सवयीनं.

पुढं पाण्याचा दिवस आला. गल्लीभर मोटारी घरघरू लागल्या. मी हंडा घेऊन आमच्या कोरड्या नळापाशी उभा होतो. काका ओट्यावर बसले होते आणि त्यांची मोटार बंद होती.

काकू आतून म्हणाल्या, "अहो, बटन दाबा की. नेता येनार हाय का टाकी भरायला?"

"नाय."

"समद्यांनी लावल्यात."

काका स्वतःच्या तळहातांकडं बघत म्हणाले, "लावू दे. टाळी म्या वाजवली व्हती."

पाणी गेलं तेव्हा आमचा हंडा रिकामा होता, त्यांची टाकीही. तेव्हापासून मला त्यांच्या टाळीचं हसू येत नाही.