तीन नंबरचा गंज

चिखलटोल्यात कोणाकडे काय शिजलं, हे शेजारणींच्याही आधी कय्यूमभाऊला कळत असे. त्याला चौकशीची हौस होती असं नाही. धंदाच तसा होता. कय्यूमभाऊ कल्हईवाला. रिकामं भांडं भट्टीवर तापलं, की त्यात शेवटचं जे काही शिजलं असेल त्याचा वास आधी वर येतो. वरणाचा येतो, वांग्याचा येतो, सुनेनं सासूपासून लपवून केलेल्या शिऱ्याचाही येतो. मग कय्यूमभाऊ नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर उठे, कथलाची कांडी भांड्याच्या अंगाला लागे, कापसाचा बोळा गरकन फिरे आणि भांडं आरशासारखं होऊन घरी परत जाई. शिऱ्याची बातमी धुराबरोबर वर निघून गेलेली असे. तीस वर्षांत त्याच्या तोंडून अशी एकही बातमी बाहेर पडली नव्हती. बाया म्हणत, या माणसाच्या तोंडाला आतून कल्हई आहे.

मोठं भांडं घासायचं तर तो त्यात वाळू टाकून उभाच राही आणि पायांनी भांडं घासता घासता कंबर अशी काही फिरवी, की वडशाच्या बाजाराला निघालेल्या बैलगाड्या थांबत. गावातला नाटकवेडा सोमाजी त्याला दरवर्षी नाटकात नाच्याचं काम देऊ करी. कय्यूमभाऊ दरवर्षी सांगे, की शमीम हो म्हणाली तर येतो. शमीम म्हणजे त्याची बायको. तिला विचारण्याची छाती सोमाजीला कधी झाली नाही.

असा हा कय्यूमभाऊ गावच्या सार्वजनिक भांडी मंडळाचा पंच होता.

मंडळ निघालं ते एका वरणामुळं. एक्कावन्न साली दादाजींच्या मुलीच्या लग्नात मोठी भांडी मिळाली नाहीत म्हणून वरण अकरा घरच्या अकरा पातेल्यांत शिजवलं, आणि पंगतीत अकरा चवींचं वरण वाढलं गेलं. एका ओळीतले वऱ्हाडी वाहवा करत होते, दुसऱ्या ओळीतले पाणी मागत होते. त्या अपमानानं गाव जागं झालं. प्रत्येक घरानं एक फुटका लोटा, एक तुटकी परात, जे असेल ते पितळेचं काढून दिलं. दोन बैलबंड्या भरून मोड भंडाऱ्याला गेली आणि तिकडून गंज म्हणजे मोठाली उभी पातेली, कढया, पराती, झारे अशी तेवीस भांडी आली. ज्याच्याकडे लग्न, बारसं, तेरवी असेल त्यानं न्यावीत, घासून परत आणावीत.

भांडी आली, म्हणून पंच आले. अध्यक्ष गुणवंतराव गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना नियम करण्यासाठी काहीतरी हवंच होतं. भांडी तेवीस, पण गुरुजींनी नियम केले एकोणतीस. चिटणीस दादाजी, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या कोठीत जागा होती म्हणून भांडी तिथं राहत. सोमाजी पंच झाला, कारण त्याला वगळलं असतं तर त्यानं मंडळावर नाटक बसवलं असतं. रुखमाबाई ही गावची आचारीण, पाचशे माणसांचं मीठ मुठीनं मोजणारी. तिच्यावाचून भांड्यांना हात कोण लावणार? आणि दरसाल तेवीस भांड्यांना कल्हई कोण करणार, हा प्रश्न निघाला तेव्हा कय्यूमभाऊला पंच करून तो कायमचा सोडवण्यात आला. पंचानं मंडळाची सेवा फुकट करावी, हा नियम चौथा. तो कय्यूमभाऊला निवडल्याच्या दुसऱ्या दिवशी झाला.

सभेची रीत ठरलेली होती. मधे पितळी तबकात सुपारीची पाच खांडं ठेवायची. ज्याला ठराव पटला त्यानं एक उचलायचं. पाचही उचलली गेली की ठराव पास. एक जरी राहिलं तरी सभा चालूच. एकदा झाऱ्याचा दांडा लाकडी असावा की लोखंडी, यावर दादाजींनी सुपारी उचलली नाही आणि सभा तीन दिवस चालली. मधल्या काळात जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, पण चिखलटोल्याच्या मंडळात एवढ्या घाईनं काही होत नसे.

नियम सातवा असा होता: मंडळाच्या भांड्यांत मांस-मच्छी शिजवू नये. गावात माळकरी बरेच, त्यांचंही पितळ भांड्यांत होतं. तेव्हा पाचही जणांनी सुपारी उचलली होती. कय्यूमभाऊनंही.

आता सत्तावन्न सालचा मे महिना होता, आणि येत्या शुक्रवारी कय्यूमभाऊच्या नजमाचं लग्न होतं.

नवरदेव नागभीडचा. वऱ्हाड छोट्या लाईनच्या गाडीनं वडशाला उतरणार, तिथून बंड्यांनी गावात. गावकरी धरून चारशे पान. व्याह्याला बोकडाच्या पुलावाचा शब्द दिलेला होता, आणि व्याही म्हणजे असा माणूस, की साखरपुड्यातल्या शेवया पातळ होत्या हे त्यानं चार महिन्यांत सहा वेळा कळवलं होतं. पुलावासाठी देगी चुलतभाऊ जाफर नागभीडहून पाठवणार होता. पण शनिवारी जाफरचाच निरोप आला. देगी दुसऱ्या लग्नात अडकल्या होत्या. कय्यूमभाऊ त्याच दिवशी वडसा पालथं घालून आला. लग्नसराई, एक देग मोकळी नव्हती.

शमीमनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की दादाजींच्या कोठीत तेवीस भांडी काय झोपायला ठेवली आहेत? कय्यूमभाऊनं सातवा नियम सांगितला. त्यावर ती जे हसली ते त्याला आवडलं नाही. कारण नवऱ्यानं सांगितलं नसलं, तरी भट्टी तिच्याच अंगणात होती आणि नाक तिलाही होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की सभेत एक शब्द बोला. नाही बोललात तर पोरीला जन्मभर सासरी ऐकावं लागेल, की तुझ्या बापानं वऱ्हाडाला डाळभात घालून वाटेला लावलं.

"भट्टीवर जे कळते ते भट्टीवरच राह्यते," कय्यूमभाऊ म्हणाला, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

रविवारी संध्याकाळी दादाजींच्या ओसरीवर सभा भरली. तबक मधे होतं. गुरुजींनी वैशाखातली मागणी वाचून दाखवली आणि शुक्रवारपाशी येऊन चष्म्यावरून पाहिलं. शुक्रवारी कोणीच भांडी मागितली नव्हती. कय्यूमची पोरगी म्हणजे गावची पोरगी, भांडी तिचीच, असं धरून सगळ्यांनी तो दिवस मोकळा सोडला होता. अर्ज तेवढा यायचा राहिला होता.

कय्यूमभाऊनं शांतपणे सांगितलं, की अर्ज येणार नाही. पुलाव आहे. सातव्या नियमाला त्याची सुपारी होती.

"मंग देगी?" सोमाजीनं विचारलं.

"पाहू," कय्यूमभाऊ म्हणाला. त्या 'पाहू'मध्ये काहीच नाही, हे ओसरीवरच्या खांबालाही कळलं असतं.

मोठाच पेच पडला. भांडी द्यावीत असं चौघांनाही मनापासून वाटत होतं. पण नियम बदला असं म्हणायला कोणी तयार नव्हता. कारण जो म्हणेल त्याला मांसात एवढा रस काऊन, असं दुसऱ्यानं विचारलं असतं. सोमाजीनं आढ्याकडे पाहिलं. दादाजींनी माळ चाचपली. शेवटी अध्यक्ष या नात्यानं गुरुजी बोलले. त्यांनी नियमाचं महत्त्व सांगितलं, कय्यूमबद्दल आपल्याला किती आपुलकी आहे ते सांगितलं आणि जिथं थांबायला हवं होतं तिथून चार पावलं पुढं गेले. म्हणाले, की सहा वर्षांत हा नियम एकदाही मोडला गेलेला नाही. कोणी मोडला असता तर गोष्ट वेगळी होती.

रुखमाबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं पदर सावरला.

"गुरुजी, तुमी-आमी काय सांगाव? कय्यूमभाऊले विचारा. सालोसाल थोच गंज भट्टीवर ठेवते. बुडाशी काय असते ते त्याले माहीत."

गुरुजींचा चष्मा नाकावरून घसरला. तो त्यांनी वर केला, तो पुन्हा घसरला. वैशाखाचा उकाडा होता हे खरं, पण एवढा नव्हता. चिटणीसांना एकाएकी कोठीचं कुलूप पाहून यावंसं वाटू लागलं. सोमाजी तर आढ्याचे वासे मोजू लागला.

कय्यूमभाऊनं तिघांकडेही पाहिलं. एक शब्द, शमीम म्हणाली होती. शब्द त्याच्या जिभेवर होता, ताज्या कथलासारखा. तीन नंबरचा गंज, माघ महिना. मोठी कढई, गेली दिवाळी. पाच आणि सहा नंबर, दर हिवाळ्यात. एवढं बोललं की शुक्रवारी चुली पेटल्या असत्या. पण समोर बसलेल्या माणसानं त्याच्या नजमाला चौथीपर्यंत शिकवलं होतं, पाटीवर हात धरून. आणि तो माणूस आत्ता घसरलेला चष्मा तिसऱ्यांदा वर करत होता.

"करपलेला भात असते, गुरुजी," कय्यूमभाऊ म्हणाला. "दरसाल तेच. दुसरं मले काई दिसलं नाई."

आणि ठराव जणू झालाच आहे अशा रीतीनं त्यानं तबकातलं एक खांड उचललं. नियम राहिला, भांडी राहिली, आपण घरी जाऊन शमीमला तोंड दाखवायचं राहिलं. तो उठायला लागला.

"बस," गुरुजी म्हणाले.

शाळेतल्या आवाजात म्हणाले, म्हणून कय्यूमभाऊच काय, बसलेले दादाजीही पुन्हा बसले. गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा अगदीच सामान्य माणसाचा दिसत असे.

"तीन नंबरचा गंज मी नेला होता. नातवाच्या जावळाले. देवीले बोकडाचा नवस बोलला होता घरच्यांनी. अर्जात मी भाजी लिहिलं." मग कय्यूमभाऊकडे बोट करून ते म्हणाले, "हा माणूस माह्यासाठी खोटं बोलून राह्यला अन् मी अध्यक्ष म्हून ऐकून राह्यलो."

कोणी काही बोलायच्या आत दादाजी गडबडीनं म्हणाले, "मी तं त्या दिवशी दिवसभर देवळात होतो."

"कोणत्या दिवशी?" गुरुजींनी विचारलं. त्यांच्या जावळाच्या दिवशी दादाजी पहिल्या पंगतीत होते. भात आणि वांगं खाऊन गेले होते.

मग उलगडलं, की दिवाळीला आलेल्या जावयाला गोंदियाकडची सवय, तो वरणभातावर राहीना. चिटणीसांनी कोठीची किल्ली बायकोच्या हाती दिली आणि स्वतः मारुतीपुढं जाऊन बसले ते वास विरेपर्यंत परतले नाहीत. माळ गळ्यात तशीच होती, नियम तेवढा मोडला. सोमाजीला कोणी विचारलंच नाही. त्यानं आपणहून हात जोडले. नाटकमंडळी रात्रभर तलवारी खेळते. तिला सकाळी नुसती चून-भाकर घालणं त्याच्या जिवावर येत असे.

मग तिघांच्याही लक्षात एकदमच आलं, की या तिन्ही वेळी चुलीपाशी कोण होतं. तिघेही रुखमाबाईकडे वळले.

"मले काऊन पाहता?" ती म्हणाली. "मी फक्त मीठ टाकलं."

पहिल्यांदा हसला तो कय्यूमभाऊ. मग ओसरी हसली.

गुरुजींनी चष्मा लावला आणि सातवा नियम खोडला. खोडताना हात जड झाला, म्हणून लगेच त्याच्या जागी दुसरा लिहून मन हलकं केलं: ज्याला जे शिजवायचं ते त्यानं शिजवावं, मात्र मांस शिजवलेलं भांडं नवी कल्हई करूनच कोठीत परत यावं, म्हणजे माळकऱ्यांना विटाळ नाही. दादाजींना हे फार आवडलं. भांडं आगीतून निघालं, नवं झालं, यापुढं त्यांना देवळात जाऊन बसायचंही कारण उरलं नव्हतं. तिघांनी सुपारी उचलली. रुखमाबाईनं आपलं खांड दाताखाली धरलं आणि तेव्हा तिला सुचलं.

"पर हे कल्हई करन कोन?"

नियम चौथा. पाचही जणांनी कय्यूमभाऊकडे पाहिलं. म्हणजे चौघांनी, पाचवा तोच होता. त्याची सुपारी तर केव्हाच तोंडात गेली होती. ठराव पास झाला.

शुक्रवारी नागभीडचं वऱ्हाड आलं, जेवलं. रुखमाबाई आणि शमीम दोघी मिळून पुलावावर उभ्या होत्या आणि चारशे पानांत चव एकच होती. माळकऱ्यांची पंगत वेगळ्या चुलीवरच्या पुरणाची. दादाजी तिथं वाढायला होते. व्याही तीनदा पुलाव घेऊन म्हणाला, की बिर्याणी असती तर अजून बरं झालं असतं. याचा अर्थ तो तृप्त होता, असं नजमानं जाता जाता बापाच्या कानात सांगितलं. तिला सासऱ्याचं गणित आत्ताच जमायला लागलं होतं. मग बंडी वडशाच्या वाटेला लागली आणि वळणापलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण फार मोठं वाटत होतं. शमीम आत काहीतरी उगाचच आवरत होती. कय्यूमभाऊनं भट्टी पेटवली. नव्या नियमातली पहिली भांडी त्याचीच; सात होती. तो भात्यापाशी बसणार तोच गुरुजी आले. धोतर वर खोचलेलं, टोपी काढून खिशात ठेवलेली. त्यांनी भात्याचा दांडा हातात घेतला आणि ओढायला लागले. इतका वाईट भाता चिखलटोल्यात आजवर कोणी ओढला नव्हता. कधी विस्तव विझायला येई, कधी ठिणग्या छपरापर्यंत जात.

"हळू, गुरुजी. श्वास घेतल्यावानी."

गुरुजी श्वास घेतल्यासारखं करू लागले. तीन नंबरचा गंज भट्टीवर चढला. तापला. कालच्या पुलावाचा वास वर आला, वेलदोडा, तूप, आणि त्याच्या मागून थोडं काहीतरी लागलेलंही. कय्यूमभाऊ गंजावर वाकला होता आणि बराच वेळ वर पाहत नव्हता.

"काय दिसते रे बुडाशी?" गुरुजींनी विचारलं.

कय्यूमभाऊनं बाहीनं डोळे पुसले. नवसागर अजून टाकायचा होता. धूर काही झाला नव्हता.

"करपलेला भात," तो म्हणाला, आणि चिमूट टाकली.